येताना सुटे भाग घेऊन या

स्वतः घड्याळं बनवणाऱ्या तिघांना, एक कोल्हापूरचा, एक बंगळूरचा आणि एक जयपूरच्या बाई, घड्याळं दाखवायला आमच्या घड्याळांच्या दुकानात बोलावताना मी एकच अट घातली. घड्याळं कमी आणलीत तरी चालेल, पण सुटे भाग आणा. प्रत्येक मॉडेलमागे एक काच, एक चावी, काट्यांचा एक संच, मागच्या झाकणाची रबरी रिंग आणि घड्याळ ज्या मशीनवर चालतं ते एक अख्खं मशीन. सगळं आमच्या दुकानात राहील, रीतसर पावती देईन. बंगळूरचा तरुण फोनवर जरा थांबला आणि म्हणाला, "मॅडम, आजवर दुकानदार मला मार्जिन विचारत आलेत." म्हटलं, "तेही विचारणार आहे."

आमचं दुकान लक्ष्मी रोडला लागून असलेल्या एका बोळात आहे. सासऱ्यांनी काढलेलं. नवऱ्याला बँकेची नोकरी प्यारी, म्हणून गल्ल्यावर मी. पुढे काउंटर, मागे खिडकीपाशी दुरुस्तीचं टेबल आणि त्या टेबलाशी अण्णा. सासऱ्यांच्या हाताखाली आले तेव्हा अण्णांना मिसरूडही फुटलं नव्हतं. दुकान चालतं ते सेलवर चालणाऱ्या घड्याळांवर आणि पट्ट्यांवर, हे उघड आहे. पण कुणीतरी आजोबांचं चावीचं घड्याळ रुमालात गुंडाळून आणतं, तेव्हा ते काउंटरकडे बघतसुद्धा नाही, सरळ मागे जातं.

अशी येणारी निम्मी घड्याळं एचएमटीची. जपानच्या सिटिझनच्या मदतीनं १९६१ मध्ये बंगळूरला हा कारखाना सुरू झाला आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारनं एचएमटीचा घड्याळांचा धंदा गुंडाळायचं ठरवलं. जनता, पायलट, सोना, कोहिनूर या मधल्या काळातल्या पोरी अजून ठणठणीत आहेत, फक्त त्यांचं माहेर राहिलं नाही. पूर्वी बॅलन्सचा, म्हणजे मशीनमधल्या पुढेमागे झुलणाऱ्या चाकाचा, स्टाफ (आस) मोडला तर नवा मिळायचा. आता अण्णा तीन मेलेल्या घड्याळांतून एक जिवंत करतात आणि चौथं आलं की डबे हुडकत बसतात. त्यात जुन्या डायली नव्यानं रंगवून विकणाऱ्यांचा सुळसुळाट. भडक नारिंगी डायल, वर कोरा करकरीत एचएमटीचा शिक्का, आणि झाकण उघडावं तर आत तीन मॉडेलांचे अवयव.

एवढ्या मोठ्या सरकारी कारखान्यामागे ही दशा, तर एकट्यादुकट्या माणसानं बनवलेल्या घड्याळाचं दहा वर्षांनी काय होणार? घेणारा हे विचारत नाही, कारण त्या घटकेला तो हरखलेला असतो. बनवणारा विषय काढत नाही, कारण त्याला विकायचं असतं. मग विचारायचं कोणी? दुकानदारानं. नाहीतर त्यानं मध्ये उभं राहून कमिशन तरी कशाचं घ्यायचं?

स्वतंत्र घड्याळकार म्हटलं की जाणकार लगेच स्वित्झर्लंडची नावं घेतात, ते रास्तच आहे. १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सायको कंपनीनं क्वार्ट्झचं, म्हणजे सेलवर चालणारं, पहिलं मनगटी घड्याळ विकायला काढलं आणि पुढच्या पंधराएक वर्षांत स्विस कारखाने धडाधड बंद पडले. १९७० च्या सुमारास तिथं या धंद्यात नव्वद हजारांच्या आसपास माणसं होती, ऐंशीच्या दशकाच्या मध्याला त्यातली जेमतेम एक तृतीयांश उरली. चावीचं घड्याळ संपलंच असं सगळे म्हणत असताना, १९८५ मध्ये, स्वेंड आंडरसन आणि व्हिन्सेंट कालाब्रेझे या दोघांनी एकट्यानं काम करणाऱ्या घड्याळकारांची एक अकादमी काढली. मोठ्या कंपन्यांच्या पंगतीत एकेकट्याला कोण बसवणार, म्हणून स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या घड्याळांच्या जत्रेत एकत्र मांडणी करायची. त्यातल्या फिलिप द्युफूरनं २००० मध्ये 'सिंप्लिसिटी' आणलं. नुसते तास, मिनिटं आणि छोटा सेकंदकाटा. दोनशेच्या थोडी वर बनली आणि त्यातली पुष्कळशी जपानी संग्राहकांनी उचलली. इंग्लंडचे जॉर्ज डॅनियल्स तर त्याही आधीपासून आइल ऑफ मॅनवर बसून डायलपासून काट्यांपर्यंत सगळं स्वतः करत होते. त्यांनी शोधलेली को-अ‍ॅक्सियल एस्केपमेंट (स्प्रिंगचा जोर ठोक्याठोक्यानं सोडणारी यंत्रणा) कितीतरी वर्षं कंपन्यांच्या दारोदार फिरली, अखेर १९९९ मध्ये ओमेगानं घड्याळात घातली.

आमच्याकडे आलेले तिघं या जातीचे नाहीत, आणि तसा आव त्यांनीही आणला नाही. आपल्याकडे छोट्या प्रमाणावर घड्याळं बनवणारे बहुतेक जण मशीन बाहेरून घेतात. जपानची मियोटा किंवा सायकोची, नाहीतर स्विस सेलिटा. स्वतःचं असतं ते बॉडी, डायल, काटे आणि डोकं. मला यात फसवणूक दिसत नाही. मशीनचं नाव लपवलं तर फसवणूक. म्हणून प्रत्येक घड्याळाशेजारी मी पुठ्ठ्याचं एक कार्ड ठेवलं आणि त्यावर हातानं लिहिलं: मशीन कुठलं, बॉडी कुठं कातली, डायल कोणी केली, जोडणी कोणी केली आणि आमच्याकडे सर्व्हिसिंगला किती पडतील. शेवटची ओळ लिहिताना तिघांनाही अवघड वाटत होतं. विकायच्या दिवशी दुरुस्तीचा खर्च सांगायचा म्हणजे लग्नात घटस्फोटाचा विषय, असं बंगळूरवाला म्हणाला. मी ओळ खोडली नाही.

वेळ ठरवली रविवारी दुपारी एक ते चार. पुण्यात या वेळात दुकानं बंद असतात यावर जगानं विनोद करून घेतलेत, तर म्हटलं ते तीन तास कामाला लावू. शटर अर्धं खाली, गिऱ्हाइकाची वर्दळ नाही, पोस्टर नाही, फीत नाही. वीसेक लोकांना बोलावलं, तेही आठ-आठ, सात-सात करून. कारण घड्याळं काचेच्या कपाटात ठेवायची नव्हती, अण्णांच्या टेबलावर ठेवायची होती आणि त्या टेबलाभोवती त्याहून जास्त डोकी मावत नाहीत. हा माझा हट्ट होता. मॉलमधल्या दुकानात पांढरे हातमोजे घालून मखमलीच्या ट्रेमधून घड्याळ पुढे करतात, तेव्हा गिऱ्हाईक आपोआप पाहुण्यासारखं बसतं आणि पाहुणा खोचक प्रश्न विचारत नाही. दुरुस्तीच्या टेबलाशी माणूस वाकतो, कोपर टेकतो आणि तोंड उघडतो.

अण्णा आधी तयार नव्हते. दुपारी ते अर्धा तास पाठ टेकतात, त्यात खंड चालत नाही. "नवीन घड्याळात मी काय बघू? बिघडलं की आणा," म्हणाले. पण टेबलावर दुसरं कुणी बसणार आणि त्यांच्या चिमट्यांना हात लावणार, हे कळल्यावर पावणेएकलाच हजर.

पहिला मान कोल्हापूरच्या पोराचा. घरचं मशीन शॉप, पंप आणि व्हॉल्व्हचे भाग कातून देण्याचा धंदा, त्यातल्याच एका सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कातयंत्रावर, हा रात्रपाळीला घड्याळाच्या बॉड्या काढतो. ३१६ एल स्टेनलेस स्टील, व्यास ३८ मिलिमीटर, आत मियोटाचं ९०१५. किंमत अडतीस हजार. आल्या आल्या "वहिनी, फोडा बिनधास्त" म्हणत त्यानं घड्याळ अण्णांपुढे सरकवलं. अण्णांनी आधी ते टाइमग्राफरवर चढवलं. हे यंत्र घड्याळाची टिकटिक ऐकतं आणि पडद्यावर रेघ काढतं. ९०१५ तासाला २८,८०० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला आठ, तेव्हा रेघ सरळ आहे की तिरकी हे मिनिटाभरात दिसतं. डायल वर असताना दिवसाला पाच सेकंद पुढे, चावी खाली धरल्यावर तीन सेकंद मागे, बॅलन्स २८० अंशांच्या आसपास झुलणारा. क्रोनोमीटर, म्हणजे अचूक वेळेचं घड्याळ, हा स्विस दाखला मिळवायला दिवसाची सरासरी उणे चार ते अधिक सहा सेकंदांत बसावी लागते. अण्णांनी फक्त "हं" केलं. त्यांना ओळखणाऱ्यांसाठी ते भरपूर आहे.

मग त्यांनी चावी फिरवून बघितली, पुन्हा फिरवली, आणि नख दाखवलं. "इथं शिरत नाही." चावी बॉडीत इतकी आत बसवली होती की ओढायला पकड मिळेना. दिसायला देखणी, बॉडीच्या रेषेत मिसळलेली, पण तारीख बदलायची तर माणूस वैतागणार. आणि वैतागलेला माणूस चावी तिरकी ओढतो, मग स्टेम, म्हणजे चावीची आतली दांडी, वाकतो. कोल्हापूरकर म्हणाला, "फोटोत भारी दिसतंय म्हणून केलंय ओ." टेबलाभोवती हशा पिकला, पण पोरानं खिशातून छोटी वही काढून काहीतरी लिहून घेतलं.

तिथंच ठिणगी पडली. आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत, बँकेतून निवृत्त, घरात साठच्या वर एचएमटी आणि प्रत्येकीची वेगळी नोंद. ते इतका वेळ गप्प होते. त्यांनी मनगटावरची जनता काढून टेबलावर ठेवली. "हिचं मशीन इथं बनलंय. सतरा ज्वेल. मेनस्प्रिंगपासून सगळं. तुमच्यात इथलं काय आहे?"

प्रश्न कडवट होता, पण खरा होता. पोरगा डगमगला नाही. पिशवीतून त्यानं चार बॉड्या काढल्या, चारही फेकलेल्या. एकीच्या शिंगाची, म्हणजे पट्टा अडकतो त्या टोकाची, धार गोल झालेली, एकीचं काचेचं बसकं केसभर मोठं, एकीवर पॉलिशच्या लाटा. "हे आहे काका इथलं. मशीन बनवायचं म्हणाल तर हेअरस्प्रिंगच आणणार कुठनं?" हे मात्र त्यानं नेमकं सांगितलं. बॅलन्सची ती केसासारखी स्प्रिंग बनवणं इतकं अवघड आहे की मोठमोठ्या स्विस कंपन्यासुद्धा ती विकत घेतात, आणि त्यातला बराच पुरवठा स्वॉच समूहातल्या निव्हारॉक्स या एकाच कंपनीकडून होतो. काका म्हणाले, "एचएमटीनंही आधी सिटिझनचंच घेतलं होतं. पण घेऊन शिकले की नाही? तुम्ही शिकताय का?" याला कुणाकडे उत्तर नव्हतं. माझ्या मते काकांचं निम्मं बरोबर आहे. एचएमटीमागे सरकारचा पैसा आणि हजारो हात होते, या पोरामागे बापाचं एक सीएनसी आहे. पण शिकण्याचा प्रश्न विचारायलाच हवा होता, आणि तो एखाद्या प्रदर्शनाच्या मांडवात कुणी विचारला नसता.

जयपूरच्या बाईंच्या वेळी वातावरण बदललं. त्या मीनाकारीच्या घरातल्या. दागिन्यांवरचं काम सोडून तीन-चार वर्षं फक्त डायली करतायत. तांब्याची पातळ चकती, तिच्यावर काचेची रंगीत भुकटी, मग भट्टी, साधारण ८०० अंश सेल्सिअस. पुन्हा थर, पुन्हा भट्टी. नुसत्या पुढच्या बाजूला मीना चढवला तर थंड होताना चकती वाकते, म्हणून मागच्या बाजूलाही चढवावा लागतो, जो कुणाला कधीच दिसत नाही. त्यांनी एक फुटलेली डायल उलटी करून दाखवली. मागचा राखाडी थर पाहून एक डॉक्टर म्हणाले, "पैसे या बाजूचे द्यायला हवेत."

हिंजवडीत नोकरी करणारी एक मुलगी आली होती, संग्रह मोजका पण वाचन दांडगं. तिनं विचारलं, डायल एवढी जाड, मग काटे कशावर बसतात? बाईंचा चेहरा खुलला. हाच त्यांचा दोन वर्षांचा डोकेदुखीचा विषय. साधी पितळी डायल अर्ध्या मिलिमीटरच्या आत-बाहेर, मीन्याची जवळपास दुप्पट. मधल्या भोकातून वर येणारी काट्यांची नळी तेवढी उंच नसेल तर मिनिटकाटा डायलला घासतो. एकाच मशीनच्या कमी-जास्त उंचीच्या नळ्या मिळतात, पण पन्नास नग घेणाऱ्याला पुरवठादार उभं करत नाहीत. अण्णा मध्येच म्हणाले, "आणि डायलला पाय कुठायत?" साध्या डायलीला मागे दोन तांब्याच्या काड्या असतात, त्या मशीनमध्ये अडकतात. भट्टीत त्या टिकवणं कठीण, म्हणून बाईंनी मीन्याची चकती एका पितळी पत्र्यावर चिकटवली होती आणि पाय त्या पत्र्याला लावले होते. "चिकटवलेलं मला आवडत नाही," अण्णा म्हणाले. बाई म्हणाल्या, "मलाही नाही. दुसरं सांगा." अण्णांनी आयग्लास काढला, खुर्ची त्यांच्याकडे वळवली, आणि पुढची पंधरा मिनिटं दोघं हिंदीत जे बोलले त्यातलं निम्मं आम्हाला कळलं नाही. तेवढ्यात मी चहा सांगितला.

किंमत एक लाख दहा हजार. त्या दिवशी घड्याळ कुणी घरी नेलं नाही. तिघांनी नाव नोंदवलं, त्यात ती हिंजवडीची मुलगी. तिला हिरवी डायल हवी, पण बाजारपेठी पोपटी नको, शेवाळी. बाई म्हणाल्या, सहा महिने लागतील आणि रंग तुम्हाला हवा तोच येईल असं वचन देणार नाही. मुलगी म्हणाली, "मग मी मध्ये एकदा बघायला येते." असं बोलणं मी काउंटरवर इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं.

बंगळूरवाल्याचं थोडक्यात सांगते, कारण तो स्वतःच बोलण्यात पटाईत आहे आणि त्याला माझी गरज नाही. कन्नड अंकांची डायल, सेलिटाचं एसडब्ल्यू २००, काम नीटस, किंमत पंच्याऐंशी हजार. एचएमटीच्या जनतावर देवनागरी अंक असायचे, तेव्हा तसं काही कराल का, असं कुणीतरी विचारलं. तो हो म्हणायचा अवकाश, लगेच आमच्या मंडळींनी पाच, आठ आणि नऊ हे आकडे मराठी वळणाचेच हवेत, हिंदी वळणाचे नकोत, यावर कागद-पेन घेऊन वाद सुरू केला. तो बिचारा आकड्यांचे फोटो काढत राहिला.

त्याचा खरा मुद्दा पैशांचा होता. पुढच्या मॉडेलसाठी त्याला निम्मे पैसे आगाऊ हवे होते. आगाऊ म्हटल्यावर टेबलाभोवतीचे चेहरे आक्रसले. फ्लॅट बुक करून पोळलेली मंडळी आहेत ही. मी सांगितलं की प्रथा जुनी आहे. पॅरिसच्या ब्रेगे या घड्याळकारानं १७९० च्या दशकात एकाच काट्याचं साधं घड्याळ काढलं ते असंच, नोंदणी करताना चौथा हिस्सा द्यायचा. फ्राँस्वा-पोल झुर्ननं १९९९ मध्ये आपली पहिली वीस टूर्बिलाँ (बॅलन्स फिरत्या पिंजऱ्यात बसवलेली) घड्याळं आगाऊ पैसे घेऊनच बनवली. बँकवाले काका म्हणाले, "ब्रेगेचं ठीक आहे, पण हे पैसे बुडाले तर मी तुमच्या दारात येणार की बंगळूरला जाणार?"

त्यावर आम्ही तिथंच जे ठरवलं ते असं. आगाऊ रक्कम चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही. ती सरळ बनवणाऱ्याच्या खात्यात, पावती त्याची, माझ्या गल्ल्यातून जाणार नाही. माझं कमिशन घड्याळ गिऱ्हाइकाच्या हातात पडल्यावरच, आधी छदाम नाही. आणि ठरलेल्या महिन्यानंतर तीन महिन्यांत घड्याळ आलं नाही तर रक्कम परत, हे पावतीवर लिहून. बंगळूरवाल्याला चौथा हिस्सा पुरत नव्हता, त्यानं बरंच ताणलं. शेवटी तो तयार झाला तो, मला वाटतं, माझ्या बोलण्यानं नाही. हिंजवडीच्या मुलीनं त्याला विचारलं, सेलिटाची मशीनं घ्यायला किती लागतात, बॉडीला किती, आणि फोनवर हिशेब करून दाखवला की पन्नास जणांचा चौथा हिस्सा आला तर मशीनं सुटतात. बॉडीचं तू बघ.

चार वाजून गेले तरी कुणी हलेना. शटर वर केलं, तर बाहेर सेल बदलायला दोन माणसं उभी. अण्णांनी आधी त्यांचे सेल घातले.

किती खपलं हे विचारणाऱ्यांसाठी: कोल्हापूरची पाच त्याच दिवशी गेली, बंगळूरची दोन. माझ्या हाती आलं त्यातून तिघांचं जेवण, चहा आणि जयपूरच्या बाईंच्या मुक्कामाचं भाडं सुटलं, वर थोडं उरलं. ओळखीच्या एका दुकानदारानं सुचवलं की पुढच्या वेळी हॉटेलात हॉल घ्या, प्रायोजक मिळतील, दोनशे लोक येतील. येतील की. पण दोनशे लोकांत अण्णांचं टेबल कुठं लावू?

त्यानंतर कोल्हापूरहून कुरिअरनं एक डबी आली, माझ्या नावानं नाही, अण्णांच्या. आत नवी बॉडी, चावी पाऊण मिलिमीटर बाहेर काढलेली आणि खाली नखासाठी छोटी खाच. सोबत चिठ्ठी: अण्णा, आता बघा. अण्णांनी मशीन बसवलं, चावी ओढली, दाबली, परत ओढली, आणि म्हणाले, आता पट्ट्याची पिन बघायला सांग त्याला, फार आत आहे, काढताना बॉडीवर ओरखडा पडणार. मी कोल्हापूरला फोन लावला आणि पिनेचा निरोप देऊन झाल्यावर अण्णांच्या सल्ल्याची फी काय, ते विचारलं. तो म्हणाला, "वहिनी, पुढच्या लॉटमधलं एक घड्याळ अण्णांना." अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "मला कशाला? माझं चालू आहे की." मग ते नातवाच्या नावानं लिहून ठेवलं.